सात दरांच्या जागी एकच दर: पॉलिसीइंजिनवर तुटीचा हिशेब मांडून पाहताना

सगळ्यांना एकाच दराने प्राप्तिकर लावला तर सरकारची तूट कमी होईल का, या प्रश्नावर ठाम मत असणारी माणसे पुष्कळ भेटतात. पण दर किती ठेवायचा, किती उत्पन्न करमुक्त सोडायचे आणि मुळात उत्पन्न म्हणायचे कशाला, हे तीन प्रश्न विचारले की बहुतेकांचे बोलणे तिथेच अडखळते. पॉलिसीइंजिन ही मोफत ऑनलाइन सेवा मला मोलाची वाटली ती याच कारणासाठी. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आकड्यांत दिल्याशिवाय तिथे पुढे सरकताच येत नाही.

ही सेवा म्हणजे करांचे आणि सरकारी लाभांचे नियम संगणकाच्या भाषेत उतरवलेले एक मोठे गणिती प्रतिमान आहे. ते मुख्यतः ब्रिटन आणि अमेरिका या दोन देशांसाठी वापरता येते. प्रतिमानाचा कोड सर्वांसाठी खुला आहे, त्यामुळे एखादा नियम कसा धरला आहे अशी शंका आली तर जाणकाराला ती स्वतः तपासता येते. वापराच्या दोन वाटा आहेत. पहिल्या वाटेने आपण एका कुटुंबाची माहिती भरतो आणि आजच्या नियमांनी व बदललेल्या नियमांनी त्याच्या हातात किती पैसे उरतात ते पाहतो. दुसऱ्या वाटेने तोच बदल साऱ्या देशावर लागू करतो. मग सरकारच्या तिजोरीवर होणारा परिणाम, उत्पन्नानुसार पाडलेल्या दहा गटांपैकी कोणाला किती फायदा-तोटा झाला, आणि गरिबी व विषमता वाढली की घटली, हे सारे आलेखांतून समोर येते. यासाठी लोकसंख्येच्या प्रातिनिधिक पाहण्यांतील कुटुंबांची नोंद वापरली जाते आणि ती करविषयक आकडेवारीशी जुळवून घेतलेली असते. मांडलेला प्रस्ताव दुव्याच्या रूपाने दुसऱ्याला पाठवता येतो. ही सोय दिसायला किरकोळ आहे, पण वाद घालणाऱ्या दोघांसमोर एकच आकडे असणे याला मी फार महत्त्व देतो.

मी अमेरिकेचे प्रतिमान निवडले, कारण फ्लॅट टॅक्सची, म्हणजे सगळ्या उत्पन्नावर एकच दर लावणाऱ्या सपाट कराची, आधुनिक कल्पना तिथेच रुजली. हूवर इन्स्टिट्यूशन या अमेरिकी संशोधन संस्थेच्या रॉबर्ट हॉल आणि ॲल्विन राबुष्का यांनी १९८१ मध्ये १९ टक्क्यांच्या एकाच दराची योजना मांडली. पुढे ‘फोर्ब्स’ नियतकालिकाचे संपादक स्टीव्ह फोर्ब्स यांनी १९९६ च्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीत १७ टक्क्यांचा दर प्रचाराच्या केंद्रस्थानी आणला. १७ हा आकडा तेव्हापासून लोकांच्या तोंडी बसला आहे, म्हणून मीही तोच घेतला. कायद्याची आधारभूत स्थिती म्हणून २०२४ हे वर्ष घेतले. त्या वर्षी केंद्रीय प्राप्तिकराचे १०, १२, २२, २४, ३२, ३५ आणि ३७ असे सात दर होते, आणि एकट्या करदात्याला १४,६०० डॉलरची प्रमाणित वजावट, म्हणजे उत्पन्नातून सरसकट वगळायची रक्कम, मिळत होती.

सात रकान्यांत सात वेळा १७ लिहायचे, एवढेच काम आहे असे सुरुवातीला वाटते. कुटुंबाच्या पानावर मी आधी वर्षाला ४०,००० डॉलर मिळवणारा, एकटा राहणारा, मूल नसलेला माणूस घेतला, आणि मिळणारे आकडे कागदावर स्वतः ताडून पाहिले. तसे करण्याचा आग्रह मी प्रत्येकाला करीन, कारण हाताने केलेल्या हिशेबातच कर समजतो. वजावट जाऊन त्याचे करपात्र उत्पन्न २५,४०० डॉलर राहते. २०२४ च्या टप्प्यांनी त्यावर २,८१६ डॉलर कर बसतो आणि १७ टक्क्यांनी ४,३१८ डॉलर, म्हणजे १,५०२ डॉलर जास्त. मग ४,००,००० डॉलर पगाराचा माणूस घेतला. टप्प्यांनी त्याचा कर १,०५,२६५ डॉलर होतो आणि १७ टक्क्यांनी ६५,५१८, म्हणजे जवळजवळ ४०,००० डॉलरची बचत. श्रीमंताची ही बचत पहिल्या माणसाच्या वर्षभराच्या पगाराएवढी आहे. दोघांच्या मधली सीमारेषा कुठे पडते तेही काढता येते: वजावट तशीच ठेवली तर एकट्या करदात्याला सुमारे १,१३,५०० डॉलर उत्पन्नापर्यंत १७ टक्क्यांचा दर २०२४ च्या टप्प्यांपेक्षा महाग पडतो आणि त्यापुढे स्वस्त. दोघांचे आकडे शेजारी ठेवून पाहिल्यावर ‘सगळ्यांचा कर कमी होईल’ हे वाक्य माझ्याच्याने पुन्हा उच्चारवणार नाही.

आता खरी गंमत, आणि या सेवेचा सर्वांत मोठा उपयोगही इथेच आहे. सातही दर १७ केले तरी कर सपाट होत नाही. अमेरिकेच्या कायद्यात पर्यायी किमान कर नावाची एक समांतर व्यवस्था आहे. तिचे दर २६ आणि २८ टक्के असून नेहमीच्या करापेक्षा तिचा आकडा जास्त निघाला, तर जास्तीचा कर भरावा लागतो. वरच्या ४,००,००० डॉलरवाल्या माणसाचा हा पर्यायी कर ८३,३५२ डॉलर येतो. सात दरांच्या व्यवस्थेत तो नेहमीच्या १,०५,२६५ पेक्षा कमी असल्यामुळे त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. पण नेहमीचा कर ६५,५१८ वर उतरला की हीच जुनी तरतूद जागी होते आणि माणसाला ८३,३५२ भरायला लावते. म्हणजे ती वेगळी रद्द केली नाही तर १७ टक्क्यांचा कर या माणसाच्या बाबतीत १७ टक्क्यांचा राहतच नाही. दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्याचे ०, १५ आणि २० टक्के हे दरही वेगळ्याच रकान्यांत असतात, आणि ते तसेच सोडले तर पगारावर एक दर आणि शेअर विकून मिळालेल्या पैशावर दुसरे दर, असा ‘एकदर’ कर तयार होतो. भाषणात एका वाक्यात मावणारी सुधारणा कायद्याच्या किती कलमांना हात घालते, हे इतक्या लख्खपणे मला दुसरीकडे कुठे दिसले नव्हते.

ब्रिटनच्या बाजूलाही असाच अनुभव येतो, फक्त तिथे गाठ वेगळी आहे. इंग्लंडमध्ये २०, ४० आणि ४५ असे तीन दर आहेत. तिन्ही २० केले, तरी १,००,००० पौंडांच्या पुढे करमुक्त मर्यादा हळूहळू काढून घेण्याचा नियम शिल्लक राहतो, आणि त्यामुळे १,००,००० ते १,२५,१४० पौंडांच्या पट्ट्यात प्रत्येक जादा पौंडावर प्रत्यक्षात ३० टक्के कर बसतो. राष्ट्रीय विम्याचे हप्ते तर याहून निराळेच.

देशभराच्या हिशेबाकडे वळताना मी एक ढोबळ कसोटी आधीच मनाशी बांधून ठेवली होती, आणि प्रतिमान वापरणाऱ्याने तशी बांधावीच, नाहीतर पडद्यावर येईल त्या आकड्यावर विश्वास बसतो. २०२२ या करवर्षात अमेरिकेतील प्राप्तिकर विवरणपत्रांत दाखवलेले एकूण समायोजित उत्पन्न सुमारे १४.८ लाख कोटी डॉलर होते आणि त्यावर भरलेला प्राप्तिकर सुमारे २.१ लाख कोटी. सरासरी दर १४.५ टक्क्यांच्या आसपास पडतो. त्या आर्थिक वर्षाची केंद्रीय तूट साधारण १.४ लाख कोटी डॉलर होती. म्हणजे कोणतीही वजावट न देता पहिल्या डॉलरपासून सगळ्यांवर सुमारे १४.५ टक्के दर लावला तर सरकार होते तिथेच राहील. तूट पूर्ण भरून काढायची असेल तर हाच दर, तोही लोकांचे वागणे अजिबात बदलणार नाही असे धरून, २४ टक्क्यांच्या आसपास न्यावा लागेल. वजावट ठेवली की करपात्र उत्पन्न आकसते आणि दर आणखी वर चढतो. दर, करमुक्त मर्यादा आणि तूट ही तीन टोके एकमेकांना बांधलेली आहेत. दोन पक्की केली की तिसरे आपोआप ठरते, आणि मर्यादा उदार, दर १७ व तूट कमी अशी तिन्ही एकाच वेळी मागण्याची मोकळीक गणित देत नाही. फोर्ब्स यांच्या योजनेत चौघांच्या कुटुंबाला ३६,००० डॉलर करमुक्त होते. तळच्या कुटुंबांच्या दृष्टीने ती मर्यादा चांगलीच होती, पण त्याच मर्यादेमुळे १७ टक्क्यांचा दर तुटीच्या बाबतीत लंगडा पडतो.

याचे कारण महसूल कुठून येतो त्यात आहे. २०२२ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय प्राप्तिकरापैकी सुमारे ४० टक्के रक्कम वरच्या एक टक्का करदात्यांनी भरली, आणि खालच्या निम्म्या करदात्यांनी मिळून सुमारे ३ टक्के. जिथून सर्वाधिक पैसा येतो तिथलाच दर ३७ वरून १७ वर आणला, तर तेवढे भगदाड खालून बुजवणे भाग पडते. खालच्या निम्म्या लोकांचा कर दुप्पट केला तरी एकूण महसुलात फक्त तीन टक्क्यांची भर पडते. पॉलिसीइंजिनच्या दहा गटांच्या आलेखाचे मोल मला इथे जाणवले. तिजोरीचा आकडा एका चौकटीत दिसतो, आणि तो कोणाच्या घरातून आला किंवा कोणाच्या घरात गेला हे खालच्या दहा खांबांत. या दोन्ही गोष्टी एका नजरेत आल्या पाहिजेत असे मला फार मनापासून वाटते, कारण तुटीच्या चर्चेत पहिला आकडा सगळेच सांगतात आणि दुसरा क्वचितच कोणी सांगतो.

आता मर्यादांविषयी. नेहमीच्या मांडणीत प्रतिमान असे धरते की कर बदलला तरी लोक पूर्वीइतकेच काम करतील आणि पूर्वीइतकेच उत्पन्न दाखवतील. काम करण्याच्या प्रमाणावर कराचा परिणाम किती व्हावा, हे वापरणाऱ्याला वेगळे भरता येते, पण तो आकडा आपल्या गृहीतकातून येतो, निष्कर्ष म्हणून मिळत नाही. फ्लॅट टॅक्सच्या समर्थकांचा मुख्य दावा मात्र याच जागी उभा असतो: दर कमी आणि एकच झाला की माणसे कर चुकवणे सोडतील, जास्त कमावतील आणि महसूल वाढेल. शिवाय हॉल-राबुष्का यांच्या मूळ योजनेत व्यवसायांवरही तोच १९ टक्क्यांचा कर होता आणि व्याज व लाभांश व्यक्तीच्या हाती करमुक्त होते. ती योजना रचनेने उपभोगावरील कराच्या जवळ जाणारी होती. कुटुंबांच्या कर-लाभांवर बेतलेल्या साधनात तिचा निम्माच भाग बसवता येतो. या उणिवेसाठी मी गुण कापत नाही, पण निकाल वाचताना ती डोळ्यांसमोर असली पाहिजे.

त्या दाव्याची परीक्षा प्रत्यक्ष देशांच्या अनुभवातूनच होऊ शकते, आणि हा भाग मला या सेवेच्या बाहेर जाऊन वाचावा लागला. रशियाने २००१ मध्ये १२, २० आणि ३० हे दर काढून १३ टक्क्यांचा एकच दर आणला आणि पुढच्या वर्षभरात प्राप्तिकराचा वास्तव महसूल सुमारे चौथाईने वाढला. या वाढीचा दाखला पुढे जगभर दिला गेला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतील ॲना इव्हानोवा, मायकेल कीन आणि अलेक्झांडर क्लेम यांनी २००५ मध्ये घरगुती पाहणीच्या आकडेवारीवरून ती तपासली. लोकांनी कर भरण्याचे प्रमाण सुधारले होते हे त्यांनाही आढळले, पण दर कमी केल्यामुळे लोक जास्त काम करू लागले याचा पुरावा सापडला नाही. सुधारणेचे श्रेय नव्या दराला द्यायचे की त्याच काळात कडक झालेल्या करवसुलीला, हेही स्पष्ट झाले नाही. रशियाने २०२१ मध्ये जास्त उत्पन्नावर १५ टक्क्यांचा दुसरा दर आणला आणि २०२५ पासून १३ ते २२ टक्क्यांचे पाच टप्पे लागू केले. स्लोव्हाकियाने २००४ मध्ये प्राप्तिकर, कंपनी कर आणि मूल्यवर्धित कर असे तिन्ही १९ टक्क्यांवर आणले होते, आणि तूट आटोक्यात आणण्याचा दबाव वाढल्यावर २०१३ मध्ये वरच्या उत्पन्नावर २५ टक्क्यांचा दर परत आणला. पैशाची निकड भासली तेव्हा या दोन्ही देशांनी वरच्या टप्प्याकडेच पाहिले, ही गोष्ट मला बोलकी वाटते.

दुसऱ्या बाजूचा सर्वांत चांगला दाखला बल्गेरियाचा आहे, आणि तो प्रामाणिकपणे मांडलाच पाहिजे. तिथे २००८ पासून प्राप्तिकराचा दर सरसकट १० टक्के आहे, तरी २०२४ च्या अखेरीस त्याचे सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे २४ टक्केच होते, जे युरोपीय संघात अगदी कमी मानले जाते. पण डॅन्यूब नदीच्या पलीकडच्या रोमानियातही २०१८ पासून हाच १० टक्क्यांचा एकच दर आहे, आणि २०२४ मध्ये त्याची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९ टक्क्यांहून अधिक, म्हणजे संघात सर्वाधिक होती. दर तोच, रचना तीच, शेजारही तोच. फरक पडला तो सरकारी खर्चाच्या शिस्तीत आणि इतर करांच्या वसुलीत. रोमानियात मूल्यवर्धित कराची गळती वर्षानुवर्षे युरोपात सर्वांत मोठ्यांपैकी राहिली आहे. या जोडीकडे पाहिल्यावर फ्लॅट टॅक्समुळे तूट वाढते किंवा फ्लॅट टॅक्समुळे तूट घटते, ही दोन्ही विधाने मला सारखीच घाईची वाटू लागली.

साधेपणाच्या दाव्याविषयी थोडेच सांगतो. सात टप्प्यांवरून कर काढणे हे विवरणपत्रातले सर्वांत सोपे काम आहे. तक्त्यातली एक ओळ पाहिली की ते होते. दमछाक होते ती उत्पन्न कशाला म्हणायचे, कोणता खर्च वजा करायचा, कोणती सवलत कोणाला लागू पडते हे ठरवताना. दर एक केला तरी हे प्रश्न तसेच राहतात, आणि सवलती काढल्या तर दर सात असले तरी विवरणपत्र सोपे होते. पॉलिसीइंजिनवर मी उलट प्रयोगही करून पाहिला: दर आहेत तसेच ठेवले आणि फक्त वजावटींना हात लावला. तुटीच्या दृष्टीने हा प्रयोग जास्त फलदायी आहे असे माझे मत झाले आहे, कारण करपात्र उत्पन्न रुंदावण्याचा लाभ दर सपाट न करताही मिळवता येतो.

सेवेच्या वापराबद्दल सांगायचे तर संपूर्ण मांडणी इंग्रजीत आहे आणि करांच्या संज्ञा माहीत नसणाऱ्याला पहिला तास जड जातो. शेकडो नियमांच्या यादीतून नेमका रकाना शोधण्यासाठी कायद्याची जुजबी ओळख लागते, आणि देशभराचा हिशेब यायला थोडी वाट पाहावी लागते. तिजोरीवरचा जो परिणाम दिसतो तो निवडलेल्या वर्षापुरता असतो. वाढलेल्या तुटीवर पुढे चढत जाणारे व्याज त्यात धरलेले नसते, आणि अमेरिकेत २०२४ च्या आर्थिक वर्षात निव्वळ व्याजाचा खर्च संरक्षण खर्चाच्याही पुढे गेला असताना ते विसरून चालत नाही. अभ्यासक, पत्रकार, अर्थशास्त्राचे विद्यार्थी आणि करांवर गंभीरपणे बोलू इच्छिणारे सामान्य वाचक यांना मी ही सेवा निःशंकपणे सुचवीन. स्वतःच्या विवरणपत्राचा कर काढण्यासाठी मात्र ती बनवलेली नाही.

वापरायला बसणाऱ्याने देशाचे पान उघडण्याआधी कुटुंबाचे पान उघडावे आणि वर्षाला २०,००० डॉलर मिळवणारा एकटा माणूस त्यात भरावा. २०२४ च्या नियमांनी त्याला ५४० डॉलर प्राप्तिकर लागतो. तूट भरून काढणारा, वजावट नसलेला २४ टक्क्यांचा दर लावला की तोच आकडा ४,८०० डॉलर होतो. हा फरक एकदा पाहून झाला, की मग देशाच्या पानावर जाऊन हव्या त्या दराचा प्रयोग करावा.